पिवळा डबा

शिवथरला आमचं लोणचं चिनी मातीच्या बरणीत असायचं. पुण्यात नोकरीला लागलो तेव्हा मीच आईला म्हटलं, "बरणी एसटीत फुटेल. रंगाचा रिकामा डबा घासून घे."

तेव्हापासून वरंध घाट पावसाळ्यात बंद व्हायच्या आत तो पांढरा डबा येतो. यंदा रिकामा झाल्यावर पाहिलं, आतून पिवळाधम्मक. साबणानेही जाईना. हळद प्लास्टिकमध्ये शिरली, मग प्लास्टिकमधलं काय लोणच्यात आलं?

वाचत बसलो. प्लास्टिक लवचिक राहावं, उन्हात तडकू नये म्हणून त्यात रसायनं मिसळतात. त्यातली बरीचशी प्लास्टिकला रासायनिकरीत्या जोडलेली नसतात, नुसती अडकलेली असतात. तेल, उष्णता आणि वेळ मिळाला की बाहेर सरकतात. आई फोडणी गार करूनच ओतते, पण तेल बोटभर वर आणि मुक्काम वर्षाचा! एफएसएसएआयच्या 2018च्या नियमांत अन्नाच्या पॅकिंगमधून किलोमागे एकूण 60 मिलिग्रॅमच पाझर चालतो. रंगाचा डबा अन्नासाठी बनवलेलाच नसतो, त्याची ही चाचणी कोण करणार?

फोनवर सांगितलं. आई जरा गप्प झाली.

"डबा घे, असं तूच म्हणाला होतास ना रे?"

बरणी माळ्यावर आहे, तिच्यात सध्या खडेमीठ. मे महिन्यात मीच आणणार आहे, मांडीवर घेऊन.