वेळासच्या वाळूवर

पाठीवर पिशव्या टाकून आम्ही साताऱ्याहून महाबळेश्वर, पोलादपूर, मंडणगडमार्गे वेळासला पोहोचलो. गावकऱ्यांच्या घरीच उतरलो. माडांच्या सावलीत निवांत बसायचे, बाणकोटचा किल्ला पाहायचा, वेसवीहून फेरीबोटीने खाडी ओलांडायची. घाई कसलीच नाही.

ओढ होती ती कासवांची. ऑलिव्ह रिडले मादी वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालून समुद्रात परतते. पूर्वी ती अंडी चोरीला जात. २००२ पासून चिपळूणची ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्था आणि गावकरी ती कुंपणात जपू लागले. दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर येतात.

फजरची नमाज पढून आम्ही किनाऱ्यावर गेलो. टोपलीतली पिल्ले वाळूवर सोडताच आमची धाकटी एकाला उचलून पाण्यात सोडायला धावली. कार्यकर्त्याने अडवले, “बेटा, त्याला स्वतः चालू दे.” हजारातून एखादेच मोठे होते. मादी असेल तर अंडी घालायला बहुधा याच किनाऱ्याकडे परतते.

“म्हणजे हे तिचे माहेर!” धाकटी म्हणाली.

जायचे तर फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जा. मात्र किनाऱ्यावर टॉर्च लावू नका. उजेडाने पिल्ले वाट चुकतात. आणि माहेर स्वच्छ ठेवून या.