विद्या कोणाच्या हातीं?

नागापूरच्या औद्योगिक वसाहतींतला भोंगा वाजला, कीं आमच्या घरीं दुपारच्या चहाची वेळ होते. अशाच एका वेळीं, नुकताच डॉक्टर झालेल्या आमच्या पुतण्यानें आपला बेत सांगितला. मोठ्या रुग्णालयांत विभागप्रमुख व्हावें, मागून विद्यार्थी चालावेत, आणि खाटेशीं थांबून आपण निदान सांगावें! मंडळींस तें फार आवडलें. आम्हांस मात्र आमच्या वडिलांचा शेवटचा आजार आठवला. अशाच एका थोर डॉक्टरांची आम्हीं तासन् तास वाट पाहिली होती. ते आले, शिष्यांस रोग समजावून दिला आणि गेले. खाटेवरच्या माणसास व आम्हांस कांहींच कळलें नाहीं.

म्हणून आम्हीं त्यास आपल्याच जिल्ह्यांतील एक हकीकत सांगितली. रजनीकांत आणि मेबल आरोळे हें दांपत्य वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत शिकलेलें. नेवासा तालुक्यांतील वडाळ्याच्या मिशन रुग्णालयांत काम करतांना त्यांस दिसलें कीं, रोगी बरे होऊन जातात आणि तेच रोग घेऊन पुन्हां येतात. खाटा वाढवून हें थांबणारें नव्हतें. पुढें अमेरिकेंत उच्च शिक्षण व सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून तीं दोघें परतलीं, आणि 1970 सालीं त्यांनीं जामखेडास काम मांडलें.

शिकलेल्या परिचारिका खेड्यांत राहावयास तयार होईनात. तेव्हां गावानेंच निवडलेल्या बाईस शिकवावें असें ठरलें. त्यांतील पुष्कळजणी निरक्षर, कित्येक दलित वस्तींतल्या. हगवण लागलेल्या मुलास साखरमिठाचें पाणी कसें द्यावें, गरोदर बाईची काळजी कशी घ्यावी, कुष्ठरोगाचा डाग कसा ओळखावा, हें त्या शिकल्या आणि गावास शिकवूं लागल्या. प्राथमिक आरोग्याचा जो मार्ग 1978 च्या आल्मा-आटा जाहीरनाम्यानें जगापुढें ठेवला, त्यावर जामखेड आधींच चालत होतें. 1979 सालीं उभयतांस मॅगसेसे पारितोषिक मिळालें, तें लोकनेतृत्वासाठीं! मेबलताई 1999 सालीं गेल्या, रजनीकांत 2011 सालीं.

"पण काका," पुतण्या म्हणाला, "अर्धवट विद्या धोक्याची नाहीं का?"

प्रश्न रास्त होता. जामखेडासही रुग्णालय उभें राहिलेंच. शस्त्रक्रिया कांहीं झोपडींत होत नाहीं. पण रोगी तेथें केव्हां धाडावयाचा, हें ओळखणें हाही त्या बायांच्या विद्येचाच भाग होता. विभागप्रमुख होण्यास आमची ना नाहीं. शिकवतांना पाठ कोणाकडे होते, एवढेंच पाहावें, असें आम्हीं त्यास म्हणालों.

तो बराच वेळ कपाकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "काका, आजोबांना नक्की झालें तरी काय होतें?"

आम्हांस सांगतां आलें नाहीं.