वडील काय करतात?

मुलाखतीला काय घालून जावं, कसं बसावं, हात कुठं ठेवावेत हे सांगणारी पुस्तकं बाजारात ढिगानं मिळतात. मी दोन वाचली. एक बीडला हातगाडीवर चाळीस रुपयाला घेतलं, दुसरं दोस्ताकडून आणलं. दोन्हीत एकच. हसत आत जा, नजरेला नजर द्या, बसा म्हणले की खुर्चीवर ताठ बसा. लिहिणाऱ्याच्या घरात आज्या-पणज्यापासून खुर्ची असणार.

दोस्तांनो, आपल्याला खुर्चीपासूनच सुरुवात करावी लागते.

माझा आजा पाटलाच्या वाड्यावर जायचा. त्याच्यासाठी 'नीट वागणं' म्हणजे काय होतं? वहाणा काढून लांब उभं राहायचं. नजर खाली. विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, आणि विचारलं तर 'व्हय मायबाप' एवढंच. आजा हे सगळं बिनचूक करायचा, म्हणून गाव त्याला चांगल्या वळणाचा म्हणायचं. बाबासाहेबांच्या चळवळीनं जोहार बंद केला, जयभीम दिला. तोंडातला शब्द बदलला. पण आमच्या वस्तीतलं बारावी झालेलं, पदवी झालेलं पोरगं साहेबाच्या टेबलापुढं गेलं की त्याची मान आपोआप खाली जाते. खुर्चीच्या कडेवर अर्धं बसतं. आज्याचं सगळं 'चांगलं वळण' त्याच्या पाठीच्या कण्यात उतरलेलं असतं. मग समोरचा साहेब कागदावर लिहितो, आत्मविश्वास कमी. हजार वर्षं मान खाली घालायला लावायची आणि वर तिचेच मार्क कापायचे. असा हा पेपर आहे.

मी मांजरसुंब्याचा. बीडहून घाट चढून आलं की धुळे-सोलापूर रस्त्यावरचा चौक लागतो, पाटोद्याकडून केजकडं जाणारा रस्ता तिथंच कापतो. ढाबे, चहाच्या टपऱ्या, ट्रॅव्हल्सच्या गाड्या. दिवाळीच्या अंगाला ऊसतोडीच्या गाड्या याच चौकातून जातात, वर बायापोरं, भांडी, कोंबड्या. त्यातल्या एका गाडीवर मी पण होतो, लहानपणी आणि नंतरही. दहावी मी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून केली, बारावीही तशीच. आता मुक्त विद्यापीठातून बी. ए. चालू आहे. कापसाच्या हंगामात जिनिंगवर असतो. गंजीवरून कापूस ओढायचा, मशीनवर चढवायचा, रुई एकीकडं, सरकी एकीकडं, शेवटी एकशेसत्तर किलोची गाठ. रात्री नाकातून पांढरं निघतं. कविता त्यानंतर.

जिनिंगवर लागलो तेव्हा माझी पहिली मुलाखत झाली, गेटवर, उभ्या-उभ्या. मुकादमानं दंड दाबून पाहिला.
"कुठला रं?"
"मांजरसुंब्याचा."
"कुनाचा?"
बापाचं नाव सांगितलं. त्यानं मान हलवली. संपली मुलाखत. जात त्याला त्या 'कुनाचा'मध्येच कळली. पण वजन उचलायला जात आड येत नाही. ती आड येते टेबलापाशी, काट्यापाशी, हिशेबाच्या वहीपाशी. पाच हंगाम झाले, काट्यावर आपला माणूस मी पाहिला नाही.

गिरणीचं हे आजचं नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत जॉबर लोक गेटवर माणसं भरायचे. आपली माणसं कताईकडच्या खात्यांत घेतली जायची. विणखातं, जिथं पगार जास्त, तिथं दार बंद. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी भरली की धागा तोंडानं ओढून बाहेर काढावा लागे, आणि अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगार कसा तोंडाला लावणार? १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. लाल बावट्याखालीसुद्धा धागा तुटत होता तो इथं. आपल्या माणसाला विणता येतं का, हे तिथं कुणी विचारलंच नव्हतं.

आता टेबलापुढच्या मुलाखतीचं सांगतो. पुण्याकडच्या एका कंपनीत स्टोअरला माणूस पाहिजे होता. आलेला माल मोजायचा, नोंदी करायच्या, कॉम्प्युटरवर चढवायचं. हे काम मला येतं. रात्रीच्या गाडीनं गेलो, सकाळी स्टँडवर तोंड धुतलं, इस्त्रीचा शर्ट पिशवीतनं काढून घातला. आत तिघं बसलेले. पहिले चार प्रश्न कामाचे होते, चारही उत्तरं दिली. मग मधल्यानं फाइल मिटवली आणि खुर्चीत मागं रेलून विचारलं, "आता जरा फॅमिली बॅकग्राउंड सांगा. वडील काय करतात?"

"ऊस तोडतात."

"आणि आई?"

"आई पण. एका कोयत्यात दोघं असतात, सर."

तिघांपैकी एकानं खिडकीकडं पाहिलं. मधल्यानं आडनाव पुन्हा एकदा वाचलं, ह्या वेळी सावकाश. मग विचारलं, "गावात घर कुठल्या बाजूला?" स्टोअरच्या नोंदी ठेवायला घराची दिशा कशाला लागते? मी सांगितलं, "रस्त्याच्या कडेला, सर, गाडी दारापर्यंत येते." कळवतो म्हणले. कळवलं नाही.

हे माझं एकट्याचं रडगाणं असतं तर इथं कागद आणि शाई खर्च केली नसती. अमरावती जिल्ह्यातून वर आलेले आपले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी याचा हिशेबच मांडला. इंग्रजी पेपरातल्या खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी अर्ज पाठवले. शिक्षण तेच, लायकी तीच, फक्त नाव वेगळं. एक नाव उच्चवर्णीय, एक दलित, एक मुसलमान. ६६ आठवडे, ५४८ जाहिराती, ४८०८ अर्ज. २००७ साली निष्कर्ष छापला. उच्चवर्णीय नावाच्या मानानं दलित नावाला बोलावणं यायची शक्यता दोन-तृतीयांश, आणि मुसलमान नावाला फक्त एक-तृतीयांश. ध्यानात घ्या, हे माणूस न पाहता. नुसत्या कागदावर. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी नोकरभरती करणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून लिहिलं. ते अधिकारी सांगत होते की आम्ही जात मुळीच पाहत नाही, गुणवत्ता पाहतो. आणि त्याच दमात, उमेदवाराचं घराणं कसं आहे, वडील काय करतात, हे मात्र आम्ही बघतोच. त्यांना यात काही विसंगत वाटत नव्हतं. मला त्या टेबलामागचे तिघं आठवले. ते वाईट माणसं नसतीलही. चहा पण विचारला होता त्यांनी.

मग आपल्यातले काही आडनाव बदलतात. गावाच्या नावाला 'कर' जोडतात, नुसतं वडिलांचं नाव लावतात. मी त्यांना नावं ठेवणार नाही. पोट प्रत्येकाचं त्याचं त्याला. पण १९१७ साली कोलंबियात शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर गेले, तेव्हा उतरायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि त्यांना बाहेर काढलं. एवढ्या विद्वान माणसाला जे नाव अकरा दिवस पुरलं, ते आपल्याला नोकरीभर पुरवायचं म्हणजे रोज काठीची वाट बघत झोपायचं.

सरकारातली गोष्ट थोडी निराळी. केंद्रानं १ जानेवारी २०१६ पासून गट क, गट ड आणि गट ब मधल्या अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या. लेखी परीक्षा द्या, लागत असेल तर टायपिंग द्या, बस. आपल्या पोरांना हे बरं झालं, तिथं कुणी बाप विचारत नाही. वरच्या पदांना मुलाखत आहेच. यूपीएससीच्या २०२५ मार्कांत २७५ तिचे असतात. पण सरकारी जागा निघतात किती, आणि एकेका जागेला अर्ज किती, हे चौकातल्या झेरॉक्सवाल्याला विचारा. उरलं काय, तर खासगी. तिथं राखीव जागा नाहीत. तिथं मुलाखत आहे. तिथं तो प्रश्न आहे.

म्हणून आम्ही काय केलं ते सांगतो. आमच्या वस्तीत विहार आहे. अंगणवाडीतनं एक टेबल आणि दोन खुर्च्या मागून आणल्या आणि संध्याकाळी मुलाखत-मुलाखत सुरू केली. आम्ही चार पोरं आणि नर्सिंगचा कोर्स झालेली आमची एक ताई. एकानं साहेब व्हायचं, एकानं उमेदवार, बाकीच्यांनी चुका टिपायच्या. गंमत सांगतो, साहेब झाला की आपलाच दोस्त असा काही कडक होतो की बघत राहावं! पाय लांब करतो, पेन टेबलावर आपटतो, "पुढं बोला" म्हणतो. साहेब कसा असतो हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. उमेदवार कसा असतो ते शिकावं लागतं.

पहिला आठवडा नुसता खुर्चीत गेला. पूर्ण बसायचं, पाठ टेकवायची, येत नसेल तर "मला हे माहीत नाही, सर" असं सरळ म्हणायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड निघालं. आपण एकतर गप्प बसतो नाहीतर काहीतरी जुळवून बोलतो. माहीत नाही म्हणलं की हाकलतील ही भीती. ताईला तर वेगळेच प्रश्न. लग्न कधी करणार, रात्रपाळीला घरचे सोडतील का. तिनं उत्तर बसवलं, "ड्यूटीचा तक्ता द्या, मी येते." लग्नाचं ती बोलतच नाही, आणि ते बरोबर आहे.

मग तो प्रश्न. वडील काय करतात? आमच्या पाचात तिघांचे आईबाप ऊसतोडीला. आधी सगळे एकच उत्तर द्यायचे, "शेती." ते ऐकून विहारात कुणी हसलं नाही. एकदा साहेब झालेल्या दोस्तानं पुढचा प्रश्न टाकला, "किती एकर?" आणि उमेदवार गार. तेव्हा ठरलं की खोटं बोलायचं नाही, रडायचं पण नाही. जे आहे ते कामाच्या भाषेत सांगायचं.

एका दोस्ताचं उदाहरण देतो. त्याच्या शिक्षणात दोन वर्षांची खंड आहे. गॅप का, हे विचारतातच. त्या दोन वर्षांत तो आईबापासंगं कारखान्यावर होता. टोळीत वाचता येणारा तो एकटाच, म्हणून टोळीची वही त्याच्याकडं. कुणी किती उचल घेतली, गाडीला किती टन भरले, मुकादमाची किती कटली, आजारी पडल्यावर किती दिवस खाडा पडला. कारखान्याची वजनपावती आणि मुकादमाचा आकडा तो रोज रात्री कोपीत बसून ताडून बघायचा. एकदा तफावत काढली तेव्हा मुकादमानं शिव्या दिल्या, पण आकडा दुरुस्त केला. मी म्हणलं, अरं येड्या, हाच तर अनुभव आहे! शहरातलं पोरगं महिनाभर मामाच्या ऑफिसात बसतं आणि त्याला इंटर्नशिप म्हणतं. तू दोन हंगाम एका अख्ख्या टोळीचा हिशेब सांभाळला आणि त्याला 'खंड' म्हणतोस?

तेव्हापासून त्याचं उत्तर असं आहे: "माझे आईवडील ऊसतोड कामगार आहेत. मी दोन हंगाम त्यांच्या टोळीचा उचल आणि वजनाचा हिशेब ठेवला." एवढंच बोलतो आणि थांबतो. थांबणं महत्त्वाचं. आपली माणसं थांबत नाहीत, लगेच गरिबी सांगायला लागतात, आणि समोरच्याच्या तोंडावर दया आली की नोकरी गेली समजा. मागच्या महिन्यात तो एका गोदामाच्या मुलाखतीला गेला. तिथल्या बाईंनी त्याला विचारलं, उचल म्हणजे नेमकं काय, ती फिटते कशी? दहा मिनिटं त्यावरच बोलणं झालं. दुसऱ्या फेरीला बोलावलंय. लागेल न लागेल, पण आलेल्या सगळ्यांत सगळ्यात जास्त वेळ तोच आत होता, हे तो चौकात उतरल्या-उतरल्या सांगत होता.

बाकी किरकोळ. जातीचा दाखला, वैधता, टीसी, सगळे मार्कमेमो, डोमिसाईल यांच्या तीन-तीन प्रती, प्रत्येकीवर आपली सही. ओरिजिनल कुणाच्याही हातात ठेवून यायचं नाही. आदल्या रात्री पोचायचं, सकाळच्या गाडीवर भरवसा नको, घाटात ट्रक आडवा झाला की सगळं संपलं. टाय नको, आपल्याला ती फास वाटते आणि दिसतंही तसंच. धुतलेला शर्ट पुरे. गळ्यातलं निळं लॉकेट काढायचं का, यावर आमच्यात दोन तट आहेत. ताई म्हणते काढ, आधी आत शिर. मी काढत नाही. यावर अजून एकमत नाही.

बसणं दर बुधवारी आणि शनिवारी, मांजरसुंबा विहारात, सात वाजता. जिनिंग चालू असेतोवर मी आठनंतर पोचतो, कपडे बदलायला वेळ नसतो, कापूस झटकून बसतो. नेकनूर, चौसाळ्याकडच्या पोरापोरींनी यावं. येताना फाइल आणा आणि जमलं तर एखादी खुर्ची. दोनच आहेत.