मोहाशी वाद नको, शंकेशी हवा

संपादकांनी विषय दिला तेव्हा एक अटही घातली : रोजच्या मोहांपासून दूर राहण्याचे सोपे उपाय द्या, धर्मशास्त्र नको. सोपे उपाय माझ्याकडे नाहीत. आणि धर्मशास्त्र वगळून या विषयावर बोललं की काय होतं, ते बाळापूर-अकोला भागात पाळक म्हणून मी वर्षानुवर्षं पाहत आलोय. माणसं नको तिथे स्वतःला दोषी धरतात आणि जिथे जागं राहायचं तिथे गाफील राहतात.

बाहेरच्यांना वाटतं, ख्रिस्ती माणसाचं बरं असतं; कबुली दिली, क्षमा मिळाली, पुन्हा मोकळा. या गैरसमजाचा मला आता कंटाळा आला आहे. पण आमच्या मंडळीतला समज त्याहून घातक आहे. खऱ्या विश्वासणाऱ्याच्या मनात वाईट विचार येत नाही आणि शंका तर नाहीच नाही, असं आमच्या लोकांना वाटतं. मोबाइलवर दिवसभर चालणारी प्रवचनं हेच शिकवतात.

गेल्या कापूस हंगामात एक तरुण माझ्याकडे आला. एका जिनिंगवर तो काट्यावर बसतो. भरल्या गाडीचं वजन घ्यायचं, रिकामीचं वजा करायचं, पावती फाडायची. ओलाव्याच्या नावाखाली थोडं जास्त कापलं तर शेतकऱ्याला कळत नाही आणि कापणाऱ्याच्या हाती संध्याकाळी काही पडतं. त्यानं कधी कापलं नव्हतं. तरी रडवेला झाला होता.

“पास्टर साहेब, इचार तर रोजच येते. घरी दवाखान्याचा खर्च हाये, मंग येतेच. इचार आला म्हन्जे पाप झालंच न? येशूनंच सांगतलं हाये, मनात आलं तरी केल्यासारखंच.”

त्याच्या डोक्यात मत्तयाचा पाचवा अध्याय होता, परस्त्रीकडे वासनेनं पाहण्याबद्दलचा. हा अध्याय अर्धवट शिकवल्यामुळे किती जण होरपळले आहेत, याची गणती नाही. तिथे ज्याच्याबद्दल येशू बोलतो, तो इच्छा जोपासण्यासाठी मुद्दाम पाहणारा माणूस आहे. जाता जाता ज्याची नजर पडली तो नव्हे. संत ऑगस्टीननं इसवी सन ३९४ च्या सुमारास डोंगरावरील प्रवचनावर भाष्य लिहिलं. त्यात याच ठिकाणी तो तीन पायऱ्या वेगळ्या करतो. आधी सूचना येते, मग तिची गोडी लागते, मग मन संमती देतं. पाप पुरं होतं ते संमतीत. इजिप्तच्या वाळवंटात राहणारा इव्हाग्रियस त्याच काळातला. माणसाला छळणारे आठ विचार त्यानं नोंदवले. पुढे सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरीनं त्यांचीच फेरमांडणी करून सात केले. विचार येणं आपल्या हातात नाही, त्याला मुक्काम करू द्यायचा की नाही हे आपल्या हातात आहे, असं इव्हाग्रियसचं म्हणणं. आणि खुद्द येशूची परीक्षा झाली, हे तर शुभवर्तमानातच आहे. सूचना येणं हेच पाप असतं, तर त्या प्रसंगाचा अर्थ काय लावायचा?

हे ऐकून त्या तरुणाचा चेहरा सैलावला. पण खरं काम त्यानंतरच सुरू होतं, कारण सूचना आणि संमती यांच्यामध्ये जे घडतं ती वाटाघाट असते. एकदाच घेऊ. सगळेच घेतात. दशमांशात देऊन टाकू. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात हव्वा सापाशी बोलत बसली, तिथे निम्मं काम झालं होतं. उलट अरण्यात येशू सैतानाशी चर्चा करत नाही. तिन्ही वेळा जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातलं एकेक वचन, बस. इव्हाग्रियसनं तर प्रत्येक विचाराला द्यायच्या शास्त्रवचनांचं आख्खं पुस्तकच तयार केलं होतं. आम्ही दोघांनी त्या तरुणापुरतं एक वचन निवडलं, खोट्या तराजूबद्दलचं, नीतिसूत्रांतलं. गाडी काट्यावर चढली की मनातल्या मनात तेवढंच म्हणायचं आणि आकडा लिहायचा. वाद घालायचा नाही. ज्याला वाद घालायची सवय लागते तो शेवटी स्वतःलाच पटवतो.

शंकेला मात्र हा उपाय लावू नका. इथे माझं अनेक सहकाऱ्यांशी जमत नाही आणि मी माघार घेणार नाही.

शंकेशी कसं वागावं, यासाठी पंडिता रमाबाईंकडे पाहा. त्यांचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज इथे झाला. त्यानंतर त्यांना प्रश्न पडत गेले : त्रैक्याचे, ख्रिस्ताच्या देवत्वाचे, चर्चच्या अधिकाराचे. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांना त्यात अहंकार दिसला. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांनी मात्र ते प्रश्न प्रश्न म्हणूनच घेतले आणि पत्रांतून उत्तरं दिली. हा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं १९७७ मध्ये छापला. प्रत्येक पाळकानं तो वाचावा असं मला कळकळीनं वाटतं. अंगावर घालायच्या क्रूसावरची अक्षरं लॅटिन का, संस्कृत का नकोत, हेसुद्धा रमाबाई विचारतात. अजूनही काही जण म्हणतात की जेराल्डिनचं बरोबर होतं, बाईंनी आधी नमायला हवं होतं. मला हे मुळीच मान्य नाही. १९०७ च्या आपल्या साक्षीत रमाबाई स्वतः सांगतात की आधी त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला तो बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी. मधल्या काळात त्यांनी शंका गिळल्या नाहीत. उघडपणे, सही करून पत्रांत लिहिल्या. पुढे याच बाईंनी केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, दुष्काळातल्या मुलींना आसरा दिला आणि आयुष्याच्या अखेरीपर्यंत हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल केलं. आमच्या वऱ्हाडाशीही त्यांचा धागा आहे : अकोल्यात सेवा केलेल्या जेनी फुलर यांच्या भारतीय स्त्रियांच्या हालांवरच्या १९०० सालच्या पुस्तकाला प्रस्तावना रमाबाईंची आहे.

आमच्या मंडळ्यांत नेमकं उलटं चालतं. मोहाशी माणूस एकट्यानं, रात्री, तासन्‌तास घासाघीस करतो आणि शंकेला मात्र पहिल्या वाक्यातच गप्प करतो. प्रार्थनासभेत एका विधवेनं विचारलं होतं, माझी प्रार्थना ऐकली का नाही? बहीण, विश्वास कमी पडला, असं तिला चारचौघांत सांगितलं गेलं. ती पुन्हा आली नाही. तिच्या घरी मी जातो. अजून ती बायबल उघडू देत नाही, चहा देते. बायबल मात्र शंकेला असं गप्प करत नाही. शिष्य थोमानं जखमा पाहायला मागितल्या तेव्हा येशूनं त्या दाखवल्या. स्तोत्र ७३ मध्ये स्तोत्रकर्ता आसाफ दुष्टांच्या भरभराटीबद्दल कुरकुरतो, आणि ती कुरकुर उपासनेच्या ग्रंथात जपून ठेवली आहे.

त्या विधवेला काय उत्तर द्यायचं ते मला ठाऊक नाही. पण ईयोबाच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात देवाचा राग भडकतो तो तक्रार करणाऱ्या ईयोबावर नाही, त्याला शिकवायला आलेल्या मित्रांवर. नाताळाच्या आधीच्या रविवारी वडीलमंडळाबरोबर मी हाच अध्याय वाचायला घेणार आहे.