कॅलेंडरवरच्या फुल्या

मंगळवार उजाडला की आमच्या घरात एक जुनं पातेलं बाहेर यायचं. लेक तिसरीत. गणवेश घालून दूध-चपातीचे दोन घास खाल्ले की म्हणायचा, "आई, कसंतरी होतंय," आणि मोरी गाठायच्या आत सगळं बाहेर. तासाभरानं मात्र खेळायला तयार. सासूबाईंनी मीठ-मोहरीनं दृष्ट काढली, आलेपाक दिला. "पित्ताची प्रकृती आहे," म्हणाल्या. ह्यांना ती नाटकं वाटायची. एका सकाळी मीही त्याच्यावर ओरडले. ओकून डोळ्यांत पाणी आलेलं ते पोर मलाच "सॉरी" म्हणालं. ते अजून मनातून जात नाही.

बालरोगतज्ज्ञांनी आधी नीट तपासलं. उलटी हिरवी असते का, रक्त दिसतं का, झोपेतून उठून होते का, सकाळी डोकं दुखतं का, वजन घटलंय का? यातलं काहीही असतं तर पुढच्या तपासण्या लागल्या असत्या. मग म्हणाले, "उलटी झाली की कॅलेंडरवर फुली मारा."

जानेवारीअखेर कालनिर्णयाची पानं त्यांच्यासमोर ठेवली. फुल्या बहुतेक मंगळवारच्या आणि शुक्रवारच्या. संक्रांतीच्या सुट्टीत एकही नाही. त्याच दिवसांत होम मैदानावरच्या गड्ड्याच्या जत्रेत त्यानं पोटभर भजी खाल्ली होती, आकाशपाळण्यात दोनदा बसला होता.

"मंगळवारी-शुक्रवारी शाळेत काय असतं रे?" त्यांनी त्यालाच विचारलं. तो बराच वेळ बोटं मोडत राहिला. "पाढे. पुढं उभं राहून." एकदा तेराच्या पाढ्यात अडखळला होता आणि वर्ग हसला होता.

डॉक्टरांनी समजावलं, भीती वाटली की शरीर पळायच्या तयारीला लागतं, जठराचं काम मंदावतं. मेंदू आणि पोट नसांनी जोडलेले आहेत, निरोप दोन्हीकडून जातात. "उलटी खरी आहे. तो मुद्दाम करत नाही." भीतीनं पोटात गोळा आला, असं आपण सहज बोलतो. माझ्या पोराच्या पोटात तो आला होता, आणि मी पित्त शोधत बसले होते.

शाळा बुडवू नका, घरी ठेवलं की भीती वाढते, असं त्यांनी बजावलं. बाईंना भेटले. त्यांनी काही दिवस त्याला जागेवर बसूनच पाढे म्हणू दिले. घरी तो आधी आजोबांसमोर म्हणायचा, मग शेजारच्या पोरांसमोर. निघण्याआधी हलकं खाणं आणि पाच सावकाश श्वास. अवघड काम माझ्या वाट्याला होतं: "आज मळमळतंय का?" विचारायचं नाही, पातेलं काढायचं नाही. माझा घाबरलेला चेहरा बघूनच त्याची सकाळ बिघडत होती. अडलं तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, असंही डॉक्टर म्हणाले होते.

मार्चमध्ये दोनच फुल्या पडल्या. परवा चाचणीच्या सकाळी बूट घालताना तो म्हणाला, "आई, गोळा आलाय. जाईल थोड्या वेळानं." मी पाठीवरून हात फिरवला. रिक्षा आली, तो गेला. दुपारी डबा रिकामा आला.