कुड्याची ओळख

कोल्हापूरहून आंबा घाट उतरून साखरप्यास आलें, कीं हवेंत एकदम कोंकणचा दमटपणा जाणवूं लागतो. ज्येष्ठाच्या अखेरीस आम्ही या वाटेनें देवरुखास निघालों होतों. पहिल्या सरी पडून गेल्या होत्या आणि जांभ्या दगडाच्या उतारांवर पुरुषभर उंचीचीं झुडपें पांढऱ्या फुलांच्या झुबक्यांनीं भरलीं होतीं. हाच तो कुडा. मेघदूतांतील यक्ष आषाढाच्या मेघाला ज्या कुटजपुष्पांचें अर्घ्य देतो, तीं हींच फुलें. शाळेंत तो श्लोक आम्हीं तोंडपाठ केला होता. परंतु कुटज डोळ्यांनीं ओळखण्याची वेळ आली, तेव्हां त्या पाठांतराचा कांहीं उपयोग झाला नाहीं. ती हकीकत वाचकांस सांगण्यासारखी आहे.

आमच्या मातोश्रींना आंवेचा जुना विकार. कुड्याची साल या विकारावर आयुर्वेदांत प्रसिद्ध. कुटजारिष्टांतील मुख्य द्रव्य तेंच. तेव्हां साल घरचीच असावी, या हौसेनें चार वर्षांपूर्वीं याच घाटांतून एक रोप आम्हीं पुण्यास नेलें व परसांत लावलें. तें चांगलें फोफावलें. यंदा पांढरीं सुवासिक फुलें आलीं, लांब शेंगा लोंबूं लागल्या. आतां वैद्यांना विचारून साल काढावयाची, एवढेंच उरलें होतें.

देवरुखास मावशींना हें मोठ्या अभिमानानें सांगितलें. त्यांनीं एकच विचारलें, "शेंगा टोकाशीं जुळलेल्या आहेत, कीं सुट्या?"

"जुळलेल्या," आम्हीं आठवून सांगितलें.

"मग तो काळा कुडा रे! आक्काला त्याची साल देऊं नकोस हो."

दुसऱ्या दिवशीं त्या आम्हांस घरामागच्या उतारावर घेऊन गेल्या. तेथें दोन्ही कुडे शेजारीं शेजारीं उभे होते. चीक दोहोंनाही पांढराच, पाकळ्याही पांचच. त्यावरून निवाडा होत नाहीं. पांढऱ्या कुड्याचें पान मोठें, रुंद व ठसठशीत शिरांचें. काळ्याचें अरुंद आणि लांब टोकाचें. काळ्याच्या फुलांत मध्यभागीं पांढरी झालर असते, पांढऱ्यांत ती नसते. शेंगा दोघांच्याही जोडीनें येतात. पण पांढऱ्याच्या आरंभापासून सुट्या, तर काळ्याच्या कोवळेपणीं टोकाशीं चिकटलेल्या. काळ्याचीं पानें वाळतांना काळवंडतात. त्यांपासून पूर्वीं निळीसारखा रंग काढीत. पांढऱ्याच्या बिया म्हणजे कडू इंद्रजव, काळ्याच्या त्या गोडे इंद्रजव. बाजारांतही पांढऱ्याच्या सालींत काळ्याची साल मिसळलेली आढळते. म्हणून ही ओळख प्रत्येक गृहस्थास असणें बरें.

लागवड कठीण नाहीं. हिवाळ्यांत शेंगा वाळून तडकतात आणि केसाळ बिया वाऱ्यावर उडून जातात. यास्तव त्या तडकण्यापूर्वींच काढाव्या. पावसाच्या आरंभीं बी पेरावें. जागा उन्हाची व पाणी न सांचणारी असावी. मुळांपासून फुटलेले धुमारेही लावतां येतात. पाला कडू असल्यामुळें गुरें सहसा तोंड लावीत नाहींत. साल मात्र बुंध्याभोंवतीं कधींही सोलूं नये. तशीं सोललेलीं तीन झाडें मावशींनीं आम्हांस दाखविलीं, तीं उभींच वाळलीं होतीं.

निघतांना त्यांनीं गेल्या हिवाळ्यांत राखलेल्या बियांची पुडी हातीं दिली. पुण्यास येऊन आम्हीं त्या पेरल्या आहेत. तोंपर्यंत मातोश्रींचें औषध वैद्यांकडूनच येत आहे. परसांतला काळा कुडा मात्र आम्हीं तोडला नाहीं. चूक त्याची नव्हती. नीट न पाहतां त्याला दुसऱ्याचें नांव दिलें, तें आम्हीं.