अडसर कुठे आहे?

प्रेमकथा लिहायला बसणाऱ्याला नायक-नायिका लवकर सुचतात. ती कोण, तो काय करतो, पहिली भेट कुठे झाली, हे एका बैठकीत ठरतं. घोर लागतो तो त्यापुढच्या प्रश्नाचा : या दोघांच्या मधे आहे काय? मधे काहीच नसेल तर तिसऱ्या पानावर लग्न लागतं. ओढूनताणून काही आणून ठेवलं, तर वाचणाऱ्याला ते लगेच कळतं आणि तो पुस्तक मिटतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूरमध्ये राहून कथा लिहिणाऱ्या एका लेखिकेने यंदाचा ऑगस्ट याच प्रश्नाला दिला. स्वतःचं लिहिणं बाजूला ठेवून तिने महिनाभर प्रेमाच्या कादंबऱ्या वाचल्या. बहुतेक या शतकातल्या, आणि ताडून पाहायला काही जुन्या.

वाचायला हा महिना बरा. बांध्यांमधली रोवणी उरकत आलेली असते. ताडोब्याचा गाभा पावसाळ्यात बंद असतो, त्यामुळे कोलारा फाटकाकडे धावणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या कमी होतात. १६ ऑगस्टला १९४२च्या शहिदांना अभिवादन करायला गाव जमतं. झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम दिवाळीनंतरचा, त्यामुळे रात्रीही मोकळ्या असतात.

वाचण्याची रीत तिने लिहिणाऱ्याची ठेवली. वहीत चार रकाने पाडले : कोणाला कोण हवं आहे, मधे काय आहे, ते पहिल्यांदा कुठे दिसतं, आणि शेवटी ते कोण दूर करतं. सर्वांत जास्त शिकवलं ते चौथ्या रकान्याने. अडसर योगायोगाने दूर झाला, म्हणजे हरवलेलं पत्र सापडलं किंवा आड येणारा काका ऐन वेळी वारला, तर कादंबरी कितीही गोड असो, मनात टिकत नाही. नायिकेने तो स्वतः दूर सारला, किंवा तो सारता येणार नाही हे तिला पुरतं उमगलं, तर पुस्तक पाठ सोडत नाही.

मराठी कादंबरीची सुरुवातच एका खऱ्या अडसरापासून झाली, हे या रकान्यांमुळे तिच्या नव्याने लक्षात आलं. १८५६मध्ये विधवाविवाहाचा कायदा झाला आणि १८५७मध्ये बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ आली. कायद्याने वाट मोकळी केली होती, समाज ती अडवून उभा होता, आणि पदमनजींनी विधवांचे हाल लिहिले ते त्या अडवणुकीच्या काळात. पुढच्या दहा-अकरा वर्षांत लक्ष्मण मोरेश्वर हळब्यांची ‘मुक्तामाला’ आणि नारो सदाशिव रिसबुडांची ‘मंजुघोषा’ आल्या, आणि कादंबरी अद्भुताकडे वळली. अडसर आजूबाजूला पाहून घ्यायचा की कल्पनेतून घडवायचा, या दोन्ही वाटा मराठीने पहिल्या पिढीतच धरल्या. आजची प्रेमकादंबरीही याच दोन वाटांवर चालते आहे.

विसाव्या शतकात ना. सी. फडक्यांनी दुसरी वाट गुळगुळीत करून दिली. त्यांचे नायक-नायिका शिकलेले, सुस्थित, नीटनेटके. १९३१च्या ‘प्रतिभासाधन’मध्ये त्यांनी लेखनाचं तंत्र शिकता येतं, अशी ठाम भूमिका घेतली. त्यांच्यावर तंत्राच्या आहारी गेल्याची टीका पुष्कळ झाली. पण कथा लिहिणारी व्यक्ती फडक्यांना हसण्यावारी नेऊ शकत नाही. उत्सुकता कुठे ताणायची, प्रकरण कुठे तोडायचं, हे त्यांच्याकडून आजही शिकावं. पेच बांधण्याची त्यांची सफाई पाहताना एकच खंत राहते : तो पेच नायक-नायिकेच्या जगाबाहेर फारसा जात नाही.

‘रणांगण’मध्ये तो जातो. विश्राम बेडेकरांची ही छोटी कादंबरी १९३९ची. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर भारतात परतणारा चक्रधर आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हॅर्टा. दोघांना एकमेकांबद्दल शंका नाही, घरचं कोणी आडवं येत नाही, गैरसमजाला जागा नाही. मधे उभं आहे ते अख्खं युरोपचं राजकारण. चक्रधरला मुंबईला उतरायचं आहे आणि हॅर्टाला तिथे उतरता येणार नाही. त्यामुळे बोटीवरचा प्रत्येक दिवस हा वजाबाकीचा दिवस होतो, आणि लेखकाला उत्सुकतेसाठी वेगळं काही करावंच लागत नाही. बंदर जवळ येतं, एवढंच पुरतं. चिमूरच्या लेखिकेने या पुस्तकापुढे दुसऱ्या रकान्यात एकच शब्द लिहिला : बंदर. अडसर वस्तूसारखा ठोस असला, त्याला तारीख आणि ठिकाण असलं, की भावना आपोआप खरी होते, हे या कादंबरीइतकं स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही.

आता गावातल्या वाचनाकडे. १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात गावोगावी अ, ब, क, ड वर्गांची ग्रंथालयं अनुदानावर उभी राहिली, आणि त्यांच्या कपाटांत प्रेमकादंबरीने हक्काची जागा मिळवली. योगिनी जोगळेकर, शैलजा राजे, कुसुम अभ्यंकर, चंद्रकांत काकोडकर. लाल कापडी बांधणी, कण्यावर पांढऱ्या रंगाने घातलेला दाखल क्रमांक, आतल्या बाजूला चिकटवलेला तारखांचा कागद. तो कागद भरला की त्यावरच दुसरा चिकटवतात, तो भरला की तिसरा. जाड झालेल्या त्या कोपऱ्यावर बोट फिरवलं तरी कळतं की पुस्तक किती घरांतून फिरून आलं आहे. समीक्षेच्या ग्रंथांत मात्र या लेखकांची नावं सापडायला कष्ट पडतात.

काकोडकरांचं १९६९ हे वर्ष तर मुद्दाम आठवावं असं आहे. त्यांच्या ‘नीलांबरी’वर आधारलेला ‘दो रास्ते’ हा हिंदी चित्रपट त्या वर्षी आला आणि देशभर चालला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अश्लीलतेच्या आरोपातून मुक्त केलं. ‘रंभा’च्या १९६२च्या दिवाळी अंकातल्या ‘शामा’ या त्यांच्या कथेवर तो खटला होता. प्रेमकथेला लोक डोक्यावर घेतात आणि कोर्टातही ओढतात, यावरूनच ती हलकी गोष्ट नाही हे कळावं. विदर्भापुरतं बोलायचं तर ‘धग’सारखी थोर कादंबरी लिहिणाऱ्या उद्धव शेळक्यांनी पुढे लोकप्रिय कादंबऱ्याही भरपूर लिहिल्या. ‘धग’ची चर्चा होते, ती व्हायलाच हवी. त्या दुसऱ्या पुस्तकांनी वाचक घडवले, त्याची नोंदही कुणी तरी घ्यायला हवी.

महिन्यातला मोठा वाटा मात्र अलीकडच्या पुस्तकांचा होता, आणि तिथे तिला आनंद झाला.

मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ २००४ची. काळ आणीबाणीचा, मुकुंद जोशी नववीत. त्याला आवडणारी मुलगी त्याच्या तोंडी जवळजवळ सगळीकडे ‘शिरोडकर’ आहे, हजेरीपटावर असते तशी. वर्गात मुलं मुलींना आडनावाने ओळखतात, हे आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत होतं. बोकिलांनी ते कथेच्या गाभ्यात ठेवलं. नाव घ्यायची मुभा नसणं हाच इथला अडसर. पान उलटताना वाचकाला वाटत राहतं, हा तिला नावाने हाक कधी मारणार? एवढ्याशा गोष्टीवर लेखक केवढी ओढ उभी करतो!

मेघना पेठे यांची ‘नातिचरामि’ २००५ची. इथे प्रेमाआड लग्न ही व्यवस्थाच येते. प्रेम, शरीर, एकटेपणा यांबद्दल एक स्त्री इतकं थेट बोलते की जुन्या कादंबऱ्यांमधलं लाजणं-मुरडणं वाचताना मग अवघडल्यासारखं होतं.

आणि सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६). पुण्यातल्या एका मध्यमवर्गीय घरात भाडेकरू म्हणून एक तरुण येतो. घरातला मुलगा तनय त्याच्या प्रेमात पडतो आणि बहीण अनुजाही. आधी तनय बोलतो, मग अनुजा. दोघांच्या आयुष्यातून निघून गेलेल्या त्या माणसाचं नाव कादंबरी कधीच सांगत नाही. तंत्र म्हणून पाहिलं तर हा धाडसी निर्णय आहे, कारण प्रेमकथेत नायकाचं नाव ही वाचकाची पहिली गरज असते. ती नाकारल्यामुळे वाचकाची नजर सोडून गेलेल्यावरून मागे राहिलेल्या दोघांवर जाते. घर, आईवडील, धाकट्या-थोरल्यांची रीत हे सगळं काही न करता आड येत राहतं. जेरी पिंटो यांनी २०१३मध्ये तिचा इंग्रजी अनुवाद केला. पुढे कुंडलकरांनी स्वतः या कादंबरीवर चित्रपट केला. प्रणव सखदेव यांच्या ‘काळेकरडे स्ट्रोक्स’ला २०२१चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळाला, तेव्हा तरुणांच्या प्रेमाबद्दल गंभीरपणे लिहिणाऱ्यांची पुढची पिढी आली आहे, हे पक्कं झालं.

उरलेल्या रात्री मोबाइलवर गेल्या. ‘प्रतिलिपी’सारख्या ॲपवर मराठी प्रेमकथा भागाभागांनी येतात, आणि त्या लिहिणाऱ्यांत लहान गावांतल्या बायका पुष्कळ आहेत. कंपनीचा मालक असलेला तापट नायक, कराराचं लग्न, मग हळूहळू जुळणारी मनं, असा ठरलेला साचा तिथे वारंवार भेटतो. तरी प्रत्येक भागाच्या शेवटी वाचकाला थोपवून धरण्याची कला या लेखिकांना फडक्यांइतकीच साधली आहे. कमी पडतो तो अडसरच. मुंबईच्या उंच इमारतीतला तो मालक लिहिणारीच्या गावात कधी आलेला नसतो.

गोड शेवटाची हेटाळणी मात्र या लेखिकेला मान्य नाही. अमेरिकेतल्या अभ्यासक जॅनिस रॅडवे यांनी १९८४मध्ये प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या बायकांवर पुस्तक लिहिलं. त्या बायकांचं म्हणणं साधं होतं : पुस्तक हातात असतं तेवढा वेळ आपला असतो, घरच्या कोणाचा नसतो, आणि शेवट सुखाचा हवाच. चिमूरच्या ग्रंथालयातून दोन पुस्तकं पिशवीत टाकून स्वयंपाकाआधी घरी पोचणारी बाई वेगळं काय मागते? आपल्या नावाजलेल्या कादंबऱ्यांनी प्रेमिकांना बहुतेक वेळा ताटातूटच दिली. लोकप्रिय कादंबऱ्यांनी सुख दिलं, पण त्याची किंमत कोणी मोजली ते दाखवलं नाही. खरा अडसर आणि खरं सुख एकाच पुस्तकात आणणं हे या कामातलं सर्वांत अवघड कसब आहे.

आणि खरे अडसर चंद्रपूर-गडचिरोलीत पावलोपावली आहेत. दिवस मावळल्यावर जंगलालगतच्या गावांत वाघाच्या भीतीने कोणी एकटं बाहेर पडत नाही. मग भेटायचं कधी? शेवटची एसटी गेली की तालुक्याचं गाव आणि आपलं गाव यांच्यात रात्र आडवी येते. मुलगी मोह वेचायला, तेंदूपाने तोडायला जाते ती अख्ख्या घरासोबत. जात तर आहेच. दोघांनी विशेष विवाह कायद्याने लग्न करायचं ठरवलं, तर १९५४च्या त्या कायद्याप्रमाणे विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावली जाते आणि आक्षेपांसाठी ३० दिवस वाट पाहावी लागते. बेडेकरांच्या बोटीइतकाच हा ठोस काळ आहे. भिंतीवर दोघांची नावं, गावचा कोणीतरी कामासाठी त्या कार्यालयात येणारच, आणि दिवस एकेक करून कमी होत आहेत. महिनाभरात वाचलेल्या एकाही पुस्तकात ही नोटीस तिला भेटली नाही.

म्हणून चिमूर, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, आरमोरीकडच्या लिहित्या मुलामुलींना तिचं आग्रहाचं सांगणं आहे. मोबाइलवर लिहा, वहीत लिहा, झाडीबोलीत लिहा, पण मुंबईचा तो मालक आता सोडा आणि ही नोटीस लिहा. तीस दिवस सरले की त्या दोघांचं लग्न लावून द्या, आणि तोवरचे दिवस एकही न गाळता वाचकाला दाखवा. दिवाळी अंकांच्या संपादकांनी अशा कथेला जागा ठेवावी, आणि ग्रंथालयांनी अशी पुस्तकं मागवताना प्रेमकादंबरी म्हणून मागे सारू नयेत.